खो-कथेत प्रत्येकाने 'मी' म्हणून लिहायचं की 'तो/ती' म्हणून? आमचा ग्रुप अडकलाय

उंबरठा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण मिळून दीड वर्षापासून डिस्कॉर्डवर (ग्रुप-चॅटचं ॲप) एक कथा लिहितोय. खो-कथेसारखीच (एकाने थोडं लिहून पुढच्याला खो द्यायचा) पण क्रम ठरलेला नाही आणि प्रत्येकाचं एकच पात्र, म्हणजे रोलप्लेच म्हणा. ज्याच्या पात्राला काही बोलायचं-करायचं असेल तो चार-सहा ओळी लिहितो, मग समोरच्या पात्राचा माणूस त्याला उत्तर देतो, असं करत गोष्ट पुढे सरकते. काळ १९७२ च्या दुष्काळाचा, मराठवाड्यातलं एक गाव आणि गावाबाहेर पाझर तलावाचं काम चालू आहे. माझं पात्र गंगू, पाट्या उचलणारी. बाकी मुकादम आहे, शाळेचे मास्तर आहेत, सुकडी वाटायला येणाऱ्या नर्सबाई आहेत, आबा म्हणून एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची मुलगी तानी. दुष्काळाच्या गोष्टी सगळ्यांनी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून गोळा केल्यात, तो लाल मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, हजेरीच्या मस्टरवरची भांडणं. मनापासून केलेलं काम आहे हो हे.

आता अडचण. आमच्यातले तिघं 'मी' लिहितात, तिघं 'तो/ती'. सुरुवातीला कोणी ठरवलंच नाही, ज्याला जसं सुचलं तसं लिहीत गेला. डिस्कॉर्डवर काही जाणवत नव्हतं कारण आम्ही टपरबॉक्स नावाचा बॉट वापरतो, त्यात प्रत्येक पात्राचं नाव आणि चित्र मेसेजच्या डोक्यावर येतं, त्यामुळे 'मी' म्हणजे कोण ते दिसतंच. पण यंदा दिवाळीला हे सगळं एका फाइलमध्ये लावून घरच्यांना वाचायला द्यायचं ठरलं आणि मी एकसंध लावायला बसले तेव्हा नावं काढल्यावर एका पानावर तीन 'मी' सापडले, एक हजेरी मागणारा, एक पाणी पिणारा आणि एक रडणारा. माझ्या आईने वाचून विचारलं की हा रडतोय कोण.

हे झालं वरवरचं, खरं दुखणं पुढे आहे. मुकादम लिहिणारा मित्र 'तो' लिहितो आणि त्याने एकदा लिहिलं, 'मुकादमाने आवाज चढवला. गंगू घाबरली आणि दोन पावलं मागे सरकली.' मी म्हटलं माझी गंगू घाबरत नाही, आणि मागे सरकायचं की नाही ते मी ठरवणार. तो म्हणाला तृतीयपुरुषी निवेदन आहे, निवेदकाला सगळं दिसतं. यावर आमचे दोन दिवस गेले.

आणि तिसरं. आबा लिहिणारे दादा 'मी' लिहितात, अवतरणचिन्हं पण देत नाहीत. आबांचं आणि तानीचं भांडण झालं त्यात त्यांनी लिहिलं, मी आजपासून तुला मेलेली समजतो, पुन्हा माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. प्रसंग तसाच होता, चूक काहीच नाही. पण तानी लिहिणाऱ्या मुलीचे वडील मागच्या वर्षी गेले. रात्री साडेअकराला फोनवर हे वाक्य आलं आणि तेव्हापासून तीन आठवडे तिने काहीच लिहिलेलं नाही. दादांना फार वाईट वाटतंय, तीही म्हणते माझी काही तक्रार नाही, पण लिहिणं थांबलंय.

तर तुम्ही लोक असं मिळून लिहिताना काय करता? व्याकरणातला एकच पुरुष, प्रथम ('मी') किंवा तृतीय ('तो/ती'), सगळ्यांना सक्तीचा करायचा का? आणि कुठला?

काजळी

माझं मत स्पष्ट आहे, 'मी'. रोलप्ले म्हणजे त्या माणसाच्या कातडीत शिरणं, 'गंगूला राग आला' लिहिताना मी गंगूकडे बघत उभी असते, 'मला राग आला' लिहिताना मला खरंच येतो. तीन 'मी' गोंधळ करतात म्हणताय तर मराठी वाचकाला याची सवय नाही असं थोडंच आहे, 'मृत्युंजय' १९६७ पासून घराघरात वाचतायत, त्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण असे सहा जण 'मी' म्हणून बोलतात आणि कोणाचा गोंधळ उडत नाही. प्रत्येक तुकड्यावर पात्राचं नाव टाका, झालं काम.

तिसरी_घंटा

काजळी, उदाहरण चांगलंय पण तिथे सहा 'मी' असले तरी हात एकच आहे ना. कर्णाने कुंतीबद्दल काय समजायचं आणि कुंतीला खरं काय वाटत होतं हे दोन्ही एकाच लेखकाला ठाऊक, शिवाय एकेकाचा भाग चांगला पानंच्या पानं चालतो. उंबरठातैंकडे सहा हात आहेत आणि दर सहा ओळींनी माणूस बदलतो. दर सहा ओळींवर नाव टाकलं तर ते नाटकाची संहिता दिसेल, गोष्ट नाही.

डायलअप

मी या प्रकारात फार वर्षं आहे म्हणून थोडं जुनं सांगतो, कारण ही सवय कुठून आली ते कळलं की भांडण निम्मं होतं.

नेटवर मिळून पात्रं खेळणं सुरू झालं ते मडपासून, म्हणजे अनेकांनी नेटवर्कवरून एकत्र खेळायच्या खेळापासून, इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात १९७८ ला रॉय ट्रबशॉने पहिलं मड लिहायला घेतलं आणि नंतर रिचर्ड बार्टलने पुढे नेलं. सगळं अक्षरांत, चित्र नाही. गंमत अशी की तिथे पुरुष तुम्ही निवडायचाच नाही, मशीन निवडायचं. तुम्ही काही बोललात की तुमच्या पडद्यावर 'तुम्ही म्हणता' असं दिसायचं आणि त्याच खोलीत बसलेल्या बाकीच्यांना 'अमुक म्हणतो' असं. एकच घटना, करणाऱ्याला द्वितीयपुरुषी आणि बघणाऱ्याला तृतीयपुरुषी. पुढे १९८९ ला टायनीमड नावाचं दुसरं मड आलं, तिथे कोलन टाकून क्रिया लिहिली की आधी तुमचं नाव आपोआप लागायचं. आयआरसी ही जुनी चॅटची सोय १९८८ मध्ये फिनलंडमध्ये झालं, त्यावरही चॅटमध्ये 'मी' अशी कमांड देऊन हसलात की सगळ्यांना चांदणी (*), तुमचं नाव आणि 'हसतो' असं दिसायचं. म्हणजे टाइप करताना 'मी' आणि पडद्यावर 'तो'. चॅटवर आजही लोक चांदण्यांच्या मधे क्रिया लिहितात त्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे, आणि इंग्रजी रोलप्लेत तृतीयपुरुष रुळला तो बराचसा या यंत्रामुळे, कुणी साहित्याचा विचार करून ठरवला नव्हता.

दुसरं, तुमचा मुकादमाचा वाद. याला गॉडमॉडिंग म्हणतात, दुसऱ्याच्या पात्राला आपण हलवणं. हे किरकोळ वाटतं पण नाहीये. लॅम्डामू म्हणून मडसारखीच एक जागा होती, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने १९९० ला सुरू केलेली. तिथे एका माणसाने एका छोट्या प्रोग्रॅमच्या मदतीने इतरांच्या पात्रांच्या नावाने वाक्यं उमटवली, जणू ती पात्रं स्वतःच तसं करतायत, आणि ती वाक्यं अतिशय घाणेरडी होती. १९९३ साली 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये त्यावर मोठा लेख आला आणि तो आजही शिकवला जातो. पडद्यावर उमटली होती ती साधी तृतीयपुरुषी वाक्यं, अमुक असं करते, अमुक तसं करते. ज्यांच्या पात्रांच्या नावाने ती आली ती माणसं खरोखर हादरली होती. त्या प्रकारानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत आणावी लागली. तेव्हा गंगू दोन पावलं मागे सरकली हे वाक्य गंगूच्या मालकिणीला विचारल्याशिवाय येऊ नये, यात मला तडजोड दिसत नाही.

उंबरठा

@डायलअप, तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रुपवर तसाच्या तसा टाकला. मुकादमवाल्याने वाचला आणि म्हणाला, मला त्यातलं हे माहीतच नव्हतं, मी फक्त प्रसंग पुढे नेत होतो. रुसवा गेला. पण त्याचा प्रश्न उरतोच आणि तो रास्त आहे, मुकादमासमोर एक बाई उभी आहे तर तो तिच्याबद्दल काहीच लिहू शकत नाही का?

वेलांटी

इथे सगळे इंग्रजीचे नियम मराठीला लावतायत म्हणून मध्ये पडते. मी व्याकरण शिकवते, हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

इंग्रजीत 'मी' म्हटलं की बोलणारा बाई की बुवा हे क्रियापदावरून कळत नाही, मराठीत लगेच कळतं. मी गेलो, मी गेले. त्यामुळे 'मी' लिहिणाऱ्याला पात्राचं लिंग पहिल्या वाक्यातच घ्यावं लागतं, पुरुषाने बाईचं पात्र घेतलं तर त्याला प्रत्येक ओळीत 'आले, बसले, म्हणाले' असं स्वतःबद्दल लिहावं लागतं. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमुनेच्या तोंडून अख्खी कादंबरी अशी सांगितली, एकोणिसावं शतक संपायच्या आत, आणि ते साधं काम नव्हतं.

पण सगळ्याच क्रियापदांत असं होत नाही हे बघा. मी दार उघडलं, मी भाकरी केली, मी तिला हाक मारली, मला वाटलं, मी उद्या जाईन. यात कोण बोलतंय, बाई का पुरुष, काहीच कळत नाही, कारण सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि भविष्यकाळात लिंग दिसतच नाही. (अपवाद आहेत, मी म्हणाले, मी विसरले, मी शिकले, यांत दिसतं.) कोणाला पात्र झाकून ठेवायचं असेल तर प्रथमपुरुषात ते जमतं, 'तो/ती'मध्ये पहिल्याच सर्वनामाला उघडं पडतं.

आणि चांदण्यांमधल्या क्रिया! त्या वर्तमानकाळात असतात आणि मराठीत मी हसतो, तो हसतो, मी हसते, ती हसते, रूप एकच. म्हणजे चॅटवर कोणी नुसतं 'हसते' लिहिलं तर ते प्रथमपुरुषी आहे की तृतीयपुरुषी हे लिहिणारीलाही सांगता यायचं नाही. भूतकाळात मात्र लगेच फाटा फुटतो, मी हसले, ती हसली. चॅटवर वर्तमानकाळात लिहून नंतर गोष्ट भूतकाळात नेताना जो घोळ होतो तो इथे होतो. उंबरठा, तुमच्या फाइलमध्ये काळ पण मिसळलेत का बघा एकदा, मला दाट शंका आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याकडे 'मी' आणि 'ती' यांच्या मधे एक जागा आहे, 'आपण'. 'तिला वाटलं, आपण उगाच आलो.' बाहेरून बघितलं तर वाक्य तृतीयपुरुषी, कर्ता ती, पण 'आपण' म्हटल्याबरोबर वाचक तिच्या डोक्यात जाऊन बसतो. इथे 'आपण' म्हणजे आदरार्थी तुम्ही नव्हे आणि सगळे मिळून आपण पण नव्हे, इथे 'आपण' म्हणजे तिचा तिने स्वतःशी म्हटलेला 'मी'. इंग्रजीला हे काम साध्या 'ती'वर भागवावं लागतं. काजळी, तुम्ही म्हणता ते कातडीत शिरणं 'ती' आणि 'आपण' मिळून होतं, आणि पानावर तीन 'मी' सांडत नाहीत.

काजळी

वेलांटी, छान लिहिलंत, 'आपण'चं मला पटलं. पण पूर्ण नाही पटलं. पंधरा ओळी 'तिला वाटलं आपण' चालू राहिलं तर सगळीकडे तिला वाटलं, तिला वाटलं होऊन बसेल, 'मी'त ते वाटणं सांगावंच लागत नाही. आणि मला लिहिताना जो राग येतो तो वाचणाऱ्यालाही 'मी'तूनच पोचतो असा माझा अनुभव आहे.

वेलांटी

'तिला वाटलं' दर वेळी लागत नाही, एकदा दार उघडलं की ते उघडं राहतं. पुढची वाक्यं नुसती टाकायची.

पंचगंगा

वाचतेय, आवडतंय. एक राहिलं. आमच्या कोल्हापूरकडे बायका पण 'मी आलो, मी जातो' म्हणतात. मी स्वतः घरी असंच बोलते. एका रोलप्लेत मी माझ्या पात्राला असं बोलायला लावलं तर दोघांनी येऊन दुरुस्त केलं, की तुमचं पात्र बाई आहे ना मग 'आले' लिहा. तेव्हा फार लागलं होतं मला. तर बाकी 'मी' घ्या का 'ती' घ्या, पण 'मी' घेतलात तर तो त्या बाईचा 'मी' असू द्या, पुस्तकातला नको.

उंबरठा, तुमची गंगू मराठवाड्यातली मजूर आहे. ती 'मी पाटी उचलली' म्हणेल का? 'म्या पाटी उचलली' म्हणेल. प्रथमपुरुष घेतला तर सगळं निवेदन तिच्या बोलीत यायला हवं, नुसते संवाद नाही. ते पेलणार असेल तर जरूर करा, फार सुंदर होईल. नसेल तर 'ती' घेऊन निवेदन साधं ठेवा आणि बोली तिच्या तोंडात ठेवा.

उंबरठा

पंचगंगा, हे वाचून थांबलेच मी. मी डोंबिवलीत वाढले, बोली आजीकडून ऐकलेली तेवढीच. संवाद लिहिताना आजीचा आवाज कानात येतो, पण चाळीस पानं त्या आवाजात विचार करणं मला खोटं न करता जमणार नाही. म्हणजे दीड वर्ष मी गंगूला 'मी' म्हणायला लावलं आणि ती माझ्या भाषेत विचार करत होती. हे कोणी आधी दाखवलंच नव्हतं.

वेलांटीताई, काळ मिसळलेत. पहिले दोन महिने वर्तमान आहे, मग भूत. तुमची शंका खरी निघाली.

नवखा_कवी

मी हल्लीच सुरू केलंय, मोबाईलवरच लिहितो, बसमध्ये वगैरे. मला 'मी' सोपं पडतं कारण पटकन येतं, दोन ओळी टाकल्या की झालं. मोठे परिच्छेद टाकणाऱ्यांबरोबर खेळायला भीती वाटते. 'तो' लिहिला की आपोआप वर्णन करावं लागतं असं वाटतं, आभाळ कसं होतं, झाड कसं होतं. नवीन माणसाला सरसकट 'तो' सक्तीचा केला तर तो पळून जाईल, एवढंच सांगायचंय.

डायलअप

@नवखा_कवी, दोन ओळी लिहा हो बिनधास्त. 'त्याने मान हलवली. पाणी नव्हतंच.' ही पण दोन ओळींची तृतीयपुरुषीच आहे. आभाळाची जबाबदारी तुमच्यावर नाही.

पेटीवाला

मी सिंधुदुर्गातला, दशावताराच्या पेटीवर वीस वर्षं बसतोय. तुमच्या रोलप्लेची सगळी चर्चा वाचली आणि वाटलं की हे तर आम्ही जत्रेत दर रात्री करतो, म्हणून लिहितोय.

दशावतारात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, प्रसंगांचा क्रम रंगपटात तोंडी बोलून घेतात आणि मग संवाद जागेवर, रंगमंचावर. समोरचा काय बोलेल ते मला तर सोडाच, त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या नटालाही माहीत नसतं. राजा येतो, आपण कोण, राज्य कुठलं, मनात काय आहे ते स्वतः सांगतो, सगळं 'मी' म्हणून. मग दुसरा येतो त्याचाही 'मी'. कधी गोंधळ होत नाही कारण माणूस समोर दिसतो, मुकुट दिसतो, आवाज वेगळा. तुमच्या टपरबॉक्सचं चित्र म्हणजे आमचा मुकुट. तो काढून नुसतं बोलणं लिहून काढलंत तर आमचंही कोणाला कळणार नाही.

पण एक गोष्ट आमच्यात फार पक्की असते. समोरच्याच्या पात्राचं मन त्याच्या तोंडून काढायचं, आपण सांगायचं नाही. राजा म्हणेल, राणी, तुझ्या डोळ्यांत मला भय दिसतंय. हे चालतं. आता राणी म्हणेल, भय नव्हे महाराज, संताप आहे हा. आणि प्रसंग उंच जातो. जुने नट हे मुद्दाम करतात, समोरच्याला फेकायला चेंडू देतात. पण राजा जर म्हणाला की राणी घाबरून पळाली, आणि राणी तिथेच उभी आहे, तर संपलं, पेटीवर मलाही काय वाजवावं कळत नाही.

आणि त्या मुलीबद्दल. स्त्रीपार्टी करणारे आमचे नट रंगमंचावर 'मी आले' म्हणतात आणि आत आल्यावर साडीतच बसून 'मी आलो, चहा आहे का' म्हणतात. त्या एका ओकारात पात्र उतरतं. रात्रभर एकमेकांना शाप दिलेली माणसं पहाटे एका टेम्पोत झोपून पुढच्या गावाला जातात. तुमच्याकडे तो रंगपटच नाही. फोनवर वाक्य येतं तिथेच पात्र आणि तिथेच माणूस. म्हणून लागलं असणार तिला.

तिसरी_घंटा

पेटीवाला, नमस्कार घ्या.

उंबरठा, तुमच्या मुकादमाचं उत्तर यात आलंच की. 'गंगू घाबरली' ऐवजी 'ही घाबरली असं त्याला वाटलं.' मग ते मुकादमाचं वाक्य झालं, गंगूचं नाही. तो चुकीचाही असू शकतो, आणि मुकादम चुकला तर तुम्हाला पुढे लिहायला किती मिळतं बघा. निवेदकाला सगळं दिसतं हे एका हाताने लिहिलेल्या गोष्टीत खरं, सहा हातांच्या गोष्टीत प्रत्येक निवेदकाला फक्त आपल्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसावं.

डायलअप

पेटीवाल्यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. पात्राचं दुःख खेळणाऱ्याला लागणं किंवा उलटं, याला स्वीडन-नॉर्वेकडे जे लार्प (प्रत्यक्ष वावरून खेळायचा रोलप्ले) खेळतात ते लोक 'ब्लीड' म्हणतात आणि खेळ संपल्यावर मुद्दाम एकत्र बसून पात्र उतरवतात. ते वाईटच असतं असं ते मानत नाहीत, पण जड प्रसंगानंतर पात्राबाहेर येऊन दोन शब्द बोलायची जागा हवी. तुमच्या सर्व्हरवर पात्राबाहेरच्या गप्पांचा वेगळा चॅनल आहे का? नसेल तर तो आजच करा, आणि असा प्रसंग टाकायच्या आधी तिथे विचारायचं, की असं असं लिहितोय, चालेल का.

'मी-तू' मधे हे जास्त लागतं हेही खरं. 'मी तुला मेलेली समजतो' यात 'तू' म्हणजे वाचणारीच. 'आबा म्हणाले' एवढे दोन शब्द आणि अवतरणचिन्ह आलं की मधे एक माणूस उभा राहतो.

काजळी

हे मला मान्य आहे. त्या वाक्याच्या बाबतीत मी 'मी'ची बाजू सोडते. माझा हट्ट एवढाच की ग्रुपमधल्या कोणाला 'मी' शिवाय पात्र सापडतच नसेल तर त्याला पत्र, डायरी, जबाब अशा जागा ठेवा, तिथे हक्काने 'मी' लिहू द्या.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आम्ही सहाही जण कॉलवर बसलो, अडीच तास. ठरलं ते असं की पुढचं सगळं तृतीयपुरुषी, भूतकाळ, पण प्रत्येकाने आपल्याच पात्राच्या डोळ्यांतून, आणि आतलं बोलणं 'आपण' लावून. काजळीताई, मास्तरांची रोजनिशी 'मी'मध्येच राहणार, ते तुमच्यामुळे वाचलं.

मी माझा एक जुना तुकडा बदलून बघितला. आधी असा होता: 'मी पाटी उचलली. मला मुकादमाचा खूप राग आला होता. मी त्याच्यासमोर गेले आणि म्हणाले, माझी पूर्ण हजेरी मांडा.'

आता असा आहे: 'गंगूने पाटी उचलली. काल अर्धाच दिवस मांडला होता मेल्याने. आज आपण तोंड उघडायचं नाही असं ती घरून ठरवून आली होती, उघडलं की उद्याचं काम जातं. तो मस्टर मांडीवर घेऊन दगडावर बसला होता. ती जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "पुरा दिस मांडा," ती म्हणाली.'

इथे मी थांबले, त्याने वर बघितलं की नाही ते लिहिलं नाही. मुकादमवाल्याने उत्तर दिलं: 'त्याने मस्टरातून डोळे काढले नाहीत. समोर धुळीने पांढरे झालेले पाय दिसत होते. आवाज चढवला की ही मागे सरकेल, सगळ्या सरकतात. त्याने चढवला. पाय हलले नाहीत.'

शेवटचं वाक्य टाकायच्या आधी त्याने मला विचारलं होतं, पाय हलतील का म्हणून.

अजून एक अडलंय. मुकादमाला निवेदनात 'तो' म्हणायचं की 'ते'? मास्तर लिहिणारे 'मुकादम आले' लिहितात, मी 'मुकादम आला'. फाइलमध्ये विचित्र दिसतं.

वेलांटी

एकसारखं करू नका! मास्तर आणि मुकादम एकमेकांना नमस्कार करणारी माणसं, त्यांच्या भागात 'ते' बरोबर. गंगू तोंडावर 'तुमी' म्हणेल आणि मनात 'तो' म्हणेल. आबा बहुतेक मनातही 'तो'च म्हणतील, वयाने मोठे आहेत. एवढ्या एका प्रत्ययावरून वाचकाला कळेल की आपण कोणाच्या डोक्यात आहोत, नाव टाकायची गरज पडणार नाही.

पंचगंगा

आणि तानी? तिने लिहिलं का काही?

उंबरठा

तेच सांगायला आले होते. पात्राबाहेरच्या गप्पांचा चॅनल केला, आबावाल्या दादांनी तिथे तिला लिहिलं की ते वाक्य काढून टाकू का. ती नाही म्हणाली, आबा तसंच बोलतील, फक्त अवतरणचिन्हात टाका. त्यांनी टाकलं, 'आबा म्हणाले' लावून. काल रात्री उशिरा तिने हे लिहिलं, तिला विचारून इथे देतेय:

'तानीने उत्तर दिलं नाही. आबा पाठमोरे झाले होते. त्यांच्या सदऱ्याला खांद्यापाशी भोक पडलं होतं, उसवत चाललेलं. ते शिवायचं आपल्याकडूनच राहिलं, दिवाळीपासून राहिलंय. ती दाराकडे गेली आणि परत फिरली. कोनाड्यातला सुईदोरा तिने घेतला आणि मग बाहेर पडली.'

दादा म्हणाले पुढचं लिहायला मला दोन दिवस द्या.